रिकामा सर्व्हर आधी मोडून बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. सुमारे चौदा हजार पुस्तकांच्या नोंदी आम्ही कोहा या सॉफ्टवेअरमध्ये केल्या आहेत. ते ग्रंथालयातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालतं. वाचकांना घरबसल्या मोबाइलवर सूची बघता यावी, अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. एका एजन्सीने वर्षाचा जो आकडा सांगितला तो आमच्या अनुदानात बसत नाही. भाचा पुण्यात आयटीत आहे, त्याच्या सांगण्यावरून मी 2 जीबी रॅमचा अनमॅनेज्ड व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर, घेतला. मेलमध्ये आयपी पत्ता आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड आला. कमांड द्यायची काळी खिडकी उघडली, लॉगिन झालं, पुढे काय करायचं ते कळेना म्हणून बंद केली. भाच्याला सारखं विचारायचा संकोच वाटतो. माझं बीए मराठी घेऊन झालंय, नंतर ग्रंथालयशास्त्र. हे मला जमेल का? क्लास लावू का? आणि माझ्या हातून काही बिघडलं तर त्या चौदा हजार नोंदींचं काय?"

प्रिय ग्रंथपालताई,

जमेल. चौदा हजार पुस्तकांच्या नोंदी ज्या माणसाने शिस्तीत केल्या आहेत त्याला सर्व्हर सांभाळता येतो, हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. या कामाला लागतं ते हेच: प्रत्येक गोष्ट ठरल्या जागी, केलेलं प्रत्येक काम लिहून ठेवलेलं, आणि हात चालवण्याआधी समोरचं नीट वाचलेलं. प्रोग्रामिंगचा इथे फार थोडा संबंध येतो. शिवाय कोहा लिनक्सवरच चालतं, म्हणजे ग्रंथालयातला तो कॉम्प्युटर बहुधा डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांपैकीच असणार. तुम्ही लिनक्सच्या सोबतीने काम करतच आहात, फक्त त्याच्याशी थेट बोलायची वेळ आली नव्हती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच मोठा आहे. नव्या सर्व्हरमुळे नोंदी जातील याची तुम्हाला भीती वाटते. मला त्या आज जिथे आहेत तिथे जास्त धोक्यात दिसतात. एकच कॉम्प्युटर, एकच डिस्क. कोहा रोज आपणहून बॅकअप घेतं हे खरं, पण तो त्याच डिस्कवर, व्हार-स्पूल-कोहा या फोल्डरमध्ये ठेवला जातो, आणि तिथेही मोजक्या दिवसांचेच राहतात, जुने पुसले जातात. डिस्क गेली की नोंदीही जातात आणि बॅकअपही. म्हणून व्हीपीएसला हात लावण्याआधी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. त्या फोल्डरमधली ताजी फाइल दर आठवड्याला आळीपाळीने एकीवर घ्या. एक डिस्क ग्रंथालयाच्या कपाटात, दुसरी सचिवांच्या घरी. हे काम या शनिवारीच करा, बाकीचं सगळं त्यानंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथालयातलं कोहा हलवू नका. देवघेव, सभासद, वर्गणी सगळं तिथेच राहू द्या. सर्व्हरवर चढवायची ती फक्त सूची: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, दाखल क्रमांक, कोणत्या कपाटात. वाचकाला घरी बसून बघायचं असतं ते एवढंच. अनेक वाचक यावर नाराज होतात, कारण पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय ते सूचीत त्या क्षणाला दिसत नाही. ते खरंच आहे, फोन करून विचारावं लागेल. पण त्या बदल्यात कोणत्या सभासदाने काय वाचायला नेलं, त्याचा फोन नंबर काय, यातलं काहीही इंटरनेटवरच्या मशीनवर राहत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही जबाबदारी कागदावरही आली आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. माणूस काय वाचतो हे त्याच्या आणि ग्रंथपालाच्या मधलं असतं.

असं केलं की सर्व्हरवर उरतं ते निव्वळ प्रत म्हणून. तो उद्या जळाला तरी ग्रंथालयाचं एक अक्षर हरवत नाही. ही मोकळीक असेल तर शिकणं सोपं जातं.

अनमॅनेज्ड म्हणजे नेमकं काय ते एकदा स्पष्ट करून घेऊ. वीज, यंत्र, डिस्क आणि इंटरनेटची जोडणी कंपनी बघते. त्या मशीनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे अपडेट, पासवर्ड, कोहा आणि बॅकअप हे सगळं तुमचं. आत काही अडलं म्हणून तक्रार नोंदवली तर नम्रपणे सांगतील की ते आमच्या कामात येत नाही. स्वस्त मिळतो तो यामुळेच. पण कंपनीच्या पॅनेलवर तुमच्यासाठी दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. एक 'रीबिल्ड' किंवा 'रीइन्स्टॉल' नावाचं बटण, जे दाबलं की काही मिनिटांत सर्व्हर पुन्हा कोरा करकरीत होतो. दुसरी 'कन्सोल', म्हणजे ब्राउझरमधून मशीनच्या पडद्यावर थेट पोचायची वाट. बाहेरून लॉगिनचा रस्ता तुमच्याच हातून बंद झाला तर तिथून आत जाता येतं. दोन्ही कुठे आहेत ते आज शोधून ठेवा.

आणि मग पहिले काही आठवडे हा सर्व्हर मोडण्यासाठीच आहे असं समजा. उभा करा, कोरा करा, पुन्हा उभा करा. पहिल्या वेळी सगळं अनोळखी वाटेल, दुसऱ्या वेळी कुठे अडतं ते आधीच माहीत असेल, आणि तिसऱ्या वेळी तुम्ही वहीत बघून शांतपणे काम कराल. अनेक शिकणारे इथेच चुकतात. पहिल्या प्रयत्नात जसंतसं चालू झालं की त्यालाच हात जोडतात आणि पुढे वर्षभर त्याला शिवायची धास्ती घेतात. जो सर्व्हर तुम्ही पुन्हा उभा करू शकत नाही तो तुमच्या ताब्यात नाही.

वहीचं मी सहज म्हटलं, पण तिच्यावर थोडं थांबते. तुमच्या दाखल रजिस्टरमध्ये प्रत्येक पुस्तकाला तारीख आणि क्रमांक असतो, खाडाखोड चालत नाही. तशीच एक वही सर्व्हरची ठेवा. तारीख, कोणती कमांड दिली, का दिली, काय उत्तर आलं. कोणती फाइल उघडली, कोणती ओळ बदलली, आधी काय होती. कॉम्प्युटरवर ठेवलीत तरी चालेल, फक्त त्या सर्व्हरवर ठेवू नका. पासवर्ड मात्र या वहीत लिहायचे नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं, बंद पाकीट.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून डेबियनची स्टेबल आवृत्ती घ्या, तुमच्या कोहाच्या आवृत्तीला चालणारी. डेबियन 12 जून 2023 ते ऑगस्ट 2025 या काळात स्टेबल होतं आणि कोहा त्यावर चांगलं चालतं. भाचा कदाचित आणखी नवं काहीतरी सुचवेल. त्याला मार्च 2024 ची आठवण करून द्या. एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा लपवला होता. एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची व्यवस्था, तिला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं म्हणून तो सापडला. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांपर्यंत ती आवृत्ती पोचली होती, स्टेबलपर्यंत पोचली नव्हती. सार्वजनिक संस्थेच्या मशीनवर थोडं जुनं पण तावून सुलाखून निघालेलं बरं.

लॉगिन झाल्यावर पुढे काय, हा तुमचा खरा अडलेला प्रश्न. क्रम असा ठेवा. 'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट अपग्रेड', म्हणजे साचलेल्या दुरुस्त्या बसतील. मग स्वतःच्या नावाचा एक वापरकर्ता तयार करा आणि त्याला सुडोचा, म्हणजे गरजेपुरतं रूटचं काम करायचा, अधिकार द्या. रूट म्हणून रोजचं काम करायचं नाही. मग टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करा. ही गोष्ट बारीक वाटते, पण नवा सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. डेबियनची रोजची कामं सकाळी 6:25 ला चालतात. घड्याळ यूटीसीवर राहिलं तर ती आपल्या 11:55 ला, ऐन गर्दीच्या वेळी सुरू होतील, आणि सूची मंद का झाली ते तुम्ही शोधत बसाल.

आता किल्ली. ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर 'एसएसएच-कीजेन' चालवलं की दोन फाइली तयार होतात. एक गुप्त, ती तुमच्यापाशी राहते. दुसरी सार्वजनिक, ती 'एसएसएच-कॉपी-आयडी'ने सर्व्हरवर पोचवायची. गुप्त फाइलीला परवलीचं वाक्य नक्की द्या. मराठीतलं, तुमचं स्वतःचं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं वाक्य उत्तम. त्यानंतर सर्व्हरवर पासवर्डने आणि रूट म्हणून लॉगिन बंद करायचं. इथे दोन ठिकाणी माणसं अडकतात.

एक म्हणजे मूळ फाइलमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन नो' लिहिलं तरी पासवर्ड चालतच राहतो. कारण एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी या फोल्डरमध्ये कंपनीच्या व्यवस्थेने आधीच एक छोटी फाइल ठेवलेली असते आणि तिच्यात 'यस' असतं. एसएसएच जी ओळ पहिल्यांदा वाचतं तीच धरतं, नंतरची सोडून देतं. म्हणून तुमची ओळ त्याच फोल्डरात, 00 ने सुरू होणाऱ्या आणि डॉट-कॉन्फने संपणाऱ्या नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहा, 'सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड एसएसएच' देऊन ती वाचायला लावा, आणि 'सुडो एसएसएचडी -टी' यातला टी मोठ्या लिपीतला देऊन सगळ्या फाइली मिळून खरोखर काय लागू होतं ते बघा. लिहिलेलं आणि लागू झालेलं यात फरक असू शकतो, हे इथे एकदा डोळ्यांनी बघितलंत की पुढे फार उपयोगी पडेल.

दुसरं, हे बदल करताना उघडी खिडकी बंद करायची नाही. दुसरी खिडकी उघडून तिथून किल्लीने लॉगिन होतं का ते बघा. झालं, तरच पहिली बंद करा. फायरवॉलचंही तसंच. यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल बसवा, आधी 22 नंबरचा पोर्ट, म्हणजे एसएसएचचं दार, मोकळा ठेवायला सांगा, मग वेबसाठी 80 आणि 443, आणि त्यानंतर चालू करा. क्रम उलटा झाला तर तुम्ही बाहेर राहाल आणि कन्सोलची वाट धरावी लागेल. सरावाच्या दिवसांत एकदा मुद्दाम उलटा क्रम करून कन्सोलमधून आत जाऊन बघाच.

सर्व्हर कोरा करून पुन्हा लॉगिन कराल तेव्हा पडद्यावर एक मोठा चौकोनी इशारा येईल: समोरच्या मशीनची ओळख बदलली आहे, कुणीतरी मधे बसून ऐकत असेल. घाबरू नका, सर्व्हर तुम्हीच नवा केला म्हणून ओळख बदलली. 'एसएसएच-कीजेन -आर', यातला आर मोठ्या लिपीतला, आणि पुढे आयपी पत्ता, असं दिलं की जुनी नोंद जाते. पण तुम्ही कोरा केलेला नसताना हाच इशारा आला तर थांबा आणि आधी कारण शोधा.

मग 'जर्नलसीटीएल -यू एसएसएच' देऊन बघा. तुम्ही कुणालाही पत्ता दिलेला नसताना रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी आत यायचे प्रयत्न ओळीने दिसतील. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो. तुमच्यावर कुणाचा डोळा आहे असा त्याचा अर्थ नाही. इंटरनेटवरचे आयपीव्ही4 प्रकारचे सगळे पत्ते मिळून सव्वाचार अब्जांच्या आसपास आहेत. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं, ते एका चांगल्या जोडणीवरून त्या सगळ्या पत्त्यांवरचा एक पोर्ट पाऊण तासाच्या आत ठोठावून येतं. तेव्हा प्रत्येक दारावर थाप पडतेच. पासवर्डचा रस्ता बंद असेल तर त्या थापांनी काही होत नाही. वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्या पत्त्यांना अडवणारं फेल-टू-बॅन बसवा असं तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. बसवायला हरकत नाही, पण डेबियन 12 वर ते जुनी लॉग फाइल शोधतं, जी तिथे मुळात नसते, आणि सुरूच होत नाही. त्याला सिस्टिमडीच्या, म्हणजे 'जर्नलसीटीएल'ने दिसतात त्याच, नोंदी वाचायला सांगावं लागतं. माझ्या मते फक्त किल्लीने लॉगिन असेल तर ते दुय्यम आहे. 'अनअटेंडेड अपग्रेड्स' मात्र चुकवू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याने रोज आपोआप बसतात. कोहा स्वतः त्यात येत नाही, ते बरंच आहे. त्याचं अपडेट तुम्ही वेळ काढून, वही समोर ठेवून करायचं.

आता तुमच्या गावचा प्रश्न, म्हणजे लाइट. कोहा बसत असताना मध्येच वीज गेली की वायफाय जातं आणि एसएसएच तुटतं. सर्व्हर तिकडे चालूच असतो, पण तुमच्या खिडकीतलं अर्धवट काम बहुधा तिथेच मरतं आणि पॅकेज अर्धं बसलेलं राहतं. म्हणून लॉगिन झालं की आधी 'टीमक्स' चालवायचं, मग बाकीचं. जोडणी तुटली तरी आतलं काम चालू राहतं. वीज आली की पुन्हा लॉगिन करून 'टीमक्स अटॅच' द्या, जिथे होतात तिथेच पोचाल.

तुमच्यापाशी दोन कोहा असणार, एक इथलं आणि एक तिथलं, दोन्ही काळ्या खिडक्यांत सारखेच दिसणारे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत नेमकं यानेच घात केला. रात्री उशिरा एका अनुभवी अभियंत्याने दुसऱ्या सर्व्हरवर समजून चालू सर्व्हरवरच डेटा पुसायची कमांड दिली. सुमारे 300 जीबी डेटा गेला. वेगवेगळे बॅकअप घ्यायची व्यवस्था होती, पण गरज पडली तेव्हा त्यातले बहुतेक चालत नसल्याचं कळलं, आणि शेवटी सहा तासांच्या आसपासच्या नोंदी हरवल्या. तुम्ही सर्व्हरला 'सूची-बाहेर' यासारखं स्पष्ट नाव इंग्रजी अक्षरांत द्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते दिसेल. पुसणारी कोणतीही कमांड देण्याआधी ते नाव मोठ्याने वाचा.

कोहा बसवण्याच्या पायऱ्या कोहाच्या विकीवर नीट लिहिलेल्या आहेत, त्या इथे उतरवत नाही. 2 जीबी रॅममध्ये तुमची सूची चालेल, पण 2 जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा, करा. नाहीतर मेमरी संपली की लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम बंद करून टाकतं, आणि तो बहुतेक वेळा डेटाबेसच असतो. बाहेर फक्त सूचीचं पान उघडं ठेवा. कर्मचाऱ्यांसाठीचं पान 8080 पोर्टवर ठेवा, आणि तो फायरवॉलमध्ये उघडूच नका. लागेल तेव्हा एसएसएचच्या बोगद्यातून जा: 'एसएसएच -एल' मोठ्या लिपीतल्या एलने, पुढे 9080:लोकलहोस्ट:8080. मग तुमच्याच ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट 9080 वर ते पान उघडेल. 9080 अशासाठी की 8080 वर तुमचं ग्रंथालयातलं कोहा आधीच बसलेलं असेल. डेटाबेसचा 3306 पोर्टही बाहेर उघडायचा नाही. 2017 च्या जानेवारीत मोंगोडीबी या सॉफ्टवेअरवरचे हजारो डेटाबेस पुसले गेले आणि मालकांकडे खंडणी मागितली गेली. ते इंटरनेटला उघडे होते आणि त्यांना पासवर्डही नव्हता. एचटीटीपीएससाठी, म्हणजे पानाची जोडणी सुरक्षित व्हावी म्हणून, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, 90 दिवसांचं असतं, आणि सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो. ते खरंच नवं होईल का हे बघायला 'सर्टबॉट रिन्यू' ही कमांड 'ड्राय-रन' लावून, म्हणजे नुसती चाचणी म्हणून, एकदा चालवा.

आता ज्या कामात तुमच्या भाच्यापेक्षा तुम्हीच वाकबगार ठराल ते सांगते. कोहाचा शोध झेब्रा नावाचं इंजिन करतं, आणि त्याची आधीपासूनची मांडणी लॅटिन लिपी धरून केलेली आहे. देवनागरीसाठी आयसीयूची, म्हणजे सगळ्या लिपी धरून केलेली, मांडणी चालू करावी लागते आणि मग 'कोहा-रिबिल्ड-झेब्रा' चालवून सगळा निर्देशांक नव्याने बांधावा लागतो. एवढं झालं तरी काम संपत नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ दोन प्रकारे टाइप होतो: एक स्वतंत्र ऱ वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तेच. दोन कर्मचाऱ्यांनी वेगवेगळ्या कीबोर्डवरून नोंदी केल्या असतील तर असे शब्द असलेली काही पुस्तकं शोधात सापडणारच नाहीत. त्यात 1962 चे लेखननियम येण्याआधीच्या पुस्तकांवर 'कवि', 'कृषि' छापलेलं, नंतरच्यांवर 'कवी', 'कृषी'. आपल्याच सूचीत दोन्ही शब्द शोधून किती निकाल येतात ते बघा, आणि जिथे फरक पडतो तिथे विषय-नोंदीत दुसरं रूपही घाला. हे कोणतीही एजन्सी तुम्हाला करून देणार नाही. वाचकाला 'पुस्तक नाही' असं उत्तर मिळतं आणि ते पुस्तक दोन कपाटांपलीकडे असतं, यासारखं वाईट काही नाही.

पुढची देखभाल अशी. दर महिन्याला ग्रंथालयातल्या कोहातून त्या महिन्यात दाखल झालेल्या पुस्तकांच्या नोंदी मार्क फाइलमध्ये, म्हणजे ग्रंथनोंदींच्या प्रमाण स्वरूपातल्या फाइलमध्ये, निर्यात करा, निर्यातीच्या पानावर दाखल तारखेची मर्यादा घालता येते, आणि सर्व्हरवर आयात करा. रद्द झालेली, गहाळ झालेली पुस्तकं मात्र अशाने सूचीतून निघत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा, साठा पडताळणी झाली की सर्व्हर कोरा करा आणि वही बघून पूर्ण सूचीसह पुन्हा उभा करा. रद्द नोंदीही निघतील, आणि वही पुरेशी आहे का तेही कळेल.

कंपनीच्या पॅनेलवर थोडे जास्त पैसे भरून 'बॅकअप' मिळतो. घ्या हवा तर, पण त्यावर विसंबू नका. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक पूर्ण इमारत जळाली, आणि ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्या ग्राहकांचं काहीच उरलं नाही. तुमचा बॅकअप म्हणजे वही, मार्क फाइल आणि त्या दोन हार्ड डिस्क.

पैशांबद्दल आणि नावांबद्दल बोलायलाच हवं, कारण लहान संस्थांचे सर्व्हर हल्ल्यांपेक्षा यानेच जास्त बंद पडताना मी बघते. तुम्ही खातं तुमच्या वैयक्तिक ईमेलवर उघडलं असेल आणि कार्ड भाच्याचं असेल, असा माझा अंदाज आहे. ग्रंथालयाच्या नावाचा एक ईमेल काढा, सर्व्हर आणि डोमेन दोन्ही त्यावर आणा. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून दर महिन्याला आपोआप होणाऱ्या वजावटीला ई-मँडेट, म्हणजे आधी नोंदवलेली मंजुरी, लागतं, आणि परदेशी कंपन्यांची अशी वजावट बँक अनेकदा नाकारते. कंपनी दोन-तीन मेल पाठवते, मग सर्व्हर थांबवते, आणि मग पुसून टाकते. शक्य असेल तर यूपीआय किंवा नेटबँकिंग घेणारी, जीएसटीचं बिल देणारी आणि डेटा सेंटर मुंबईत असलेली कंपनी बघा. वर्षाचे पैसे आगाऊ भरता येतात, लेखापरीक्षणात डॉलरचं बिल समजावत बसावं लागत नाही, आणि पानंही लवकर उघडतात. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि त्याचे आपत्कालीन कोड पाकिटात घालून सचिवांकडे द्या. किल्लीही दोघांकडे हवी. भाचाही चालेल, पण ग्रंथालयात रोज येणारं, शिकायची इच्छा असलेलं कुणी असेल तर अधिक बरं. कॉलेजची एखादी मुलगी वाचक असेलच. तिला शेजारी बसवून पुढचा सर्व्हर तिच्या हातून उभा करा.

पुस्तक परत करायची मुदत संपल्याच्या सूचना सभासदांना ईमेलने पाठवायचा मोह होईल. तो टाळा. स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवलेला मेल जीमेलपर्यंत धड पोचवणं हे वेगळंच, कटकटीचं शास्त्र आहे, आणि बऱ्याच कंपन्या त्यासाठीचा 25 नंबरचा पोर्ट बंदच ठेवतात.

क्लास लावू नका. तिथे जे शिकवतील त्यातलं बरंचसं तुम्हाला लागणार नाही, आणि जे लागेल ते तुमच्याच सर्व्हरवर हात घातल्याशिवाय बसणार नाही. रोज संध्याकाळी तासभर दिलात तर दोन महिन्यांत सूची चढलेली असेल असं मी धरते. जास्त लागले तरी काही बिघडत नाही, ग्रंथालयाचं काम तोवर चालूच आहे. चूक दाखवणारा इंग्रजी मजकूर आला की संपूर्ण वाचा, विशेषतः शेवटच्या चार ओळी. बहुतेक वेळा काय हवंय ते तिथे लिहिलेलं असतं. एआयला विचारायलाही हरकत नाही, पण त्याने दिलेली कमांड नेमकं काय करते ते आधी त्यालाच समजावून सांगायला लावा, सरावाच्या सर्व्हरवर चालवून बघा, आणि पासवर्ड किंवा गुप्त किल्ली तिथे कधीच चिकटवू नका. भाच्याला विचारायचा संकोच सोडा. फक्त 'चालत नाही' असं विचारू नका. काय करत होते, कोणती कमांड दिली, अक्षरशः काय उत्तर आलं, वहीतून तसंच्या तसं पाठवा. अशा प्रश्नाला जाणकार माणूस आनंदाने उत्तर देतो.

मला लिहितानाही तसंच लिहा, आणि ईमेल किंवा पासवर्ड दिसत असेल तर तेवढा झाकून. शोधात 'कवि' आणि 'कवी'ला किती निकाल आले, तेही कळवा.